जुना चेनसॉ घेताना आधी पार्ट बघा, मग रंग

माझ्या फळीवर दोन चेनसॉ, म्हणजे साखळीच्या यंत्रकरवती, शेजारी शेजारी आहेत. पहिला देखणा. मूळ रंग शाबूत, झाकणावरची अक्षरं स्पष्ट वाचता येतात, आधीच्या मालकाने तो कापडात गुंडाळून ठेवला होता. दुसरा घरी आणला तेव्हा तेल आणि भुशाच्या थराखाली त्याचा रंग कोणता, हे नखाने खरवडून बघावं लागलं. देखणा चेनसॉ गेली सहा वर्षं मुका आहे. त्याची इग्निशन कॉइल (ठिणगीची वीज देणारं वेटोळं) फ्लायव्हीलखाली, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाखाली बसते, त्या एकाच मॉडेलला लागते, आणि ती बनणं कधीच बंद झालंय. मळका चेनसॉ दोन रविवारांत बोलायला लागला. कार्बोरेटरचं किट, इंधनाची नळी, स्टार्टरची दोरी, बस.

दोन्ही घेताना मी रंग बघितला होता, पार्टची चौकशी एकाचीही केली नव्हती. एकात नशीब धावून आलं इतकंच.

तेव्हा पहिला (किंवा दुसरा) जुना चेनसॉ घ्यायच्या विचारात असाल तर "कंपनी कोणती" आणि "साल कोणतं" हे प्रश्न जरा मागे ठेवा. हे मशीन बिघडलं तर त्याचा कोणता भाग मला जगात कुठेच मिळणार नाही, हे आधी विचारा. त्याच नजरेने मी खाली जुन्या चेनसॉची चार घराणी शेजारी शेजारी लावली आहेत. शेवटी पार्ट मिळवायच्या वाटांचीही तुलना आहे, कारण घराणं निवडलं की वाट जवळपास ठरूनच जाते.

आधी दोन ढीग

कुठलाही जुना चेनसॉ उलगडला की माझ्या टेबलावर भागांचे दोन ढीग पडतात.

पहिल्या ढिगातल्या वस्तू त्या मशीनच्या नसतातच, त्या सगळ्या जगाच्या असतात. क्रँकच्या बेअरिंग घ्या. पुसून बघितलं तर बहुतेकदा ६२०२ किंवा ६२०३ असा आकडा कोरलेला दिसतो. ६२०३ म्हणजे आतून १७, बाहेरून ४० आणि जाडी १२ मिलिमीटर, मग ती कोणत्याही देशात, कोणत्याही दशकात बनलेली असो. फक्त सी-३ खुणेची मागा. त्यात थोडी जास्त मोकळीक असते आणि तापलेल्या इंजिनाला ती लागते. ऑइल सीलच्या कडेवरही शाफ्ट, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे असतात, ते सांगितले की काम होतं. प्लग, दोरी, नळी, फिल्टरचा नमदा, नटबोल्ट हे सगळं याच ढिगात.

कार्बोरेटरही इथेच, आणि याचं नवख्यांना नेहमी आश्चर्य वाटतं. बहुतेक चेनसॉ कंपन्या कार्बोरेटर स्वतः बनवत नव्हत्या, टिलॉटसन आणि वॉलब्रोकडून घेत होत्या. त्यामुळे टिलॉटसनचा एचएल किंवा एचएस कार्बोरेटर एकमेकांशी भांडणाऱ्या कितीतरी कंपन्यांच्या मशीनवर सापडतो. त्याचं डायफ्राम (पातळ लवचिक पडदा) आणि सुईचं किट आजही नवं मिळतं. मशीनचं नाव विसरा, कार्बोरेटरच्या अंगावर ठोकलेली अक्षरं वाचा आणि त्या नावाने किट मागा.

दुसरा ढीग छोटा असतो आणि झोप उडवणारा असतो. त्यात मुख्यतः चार गोष्टी येतात: इग्निशन, ओतीव मॅग्नेशियमचे भाग (क्रँककेस म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, टाकी, हँडल), साच्यातून काढलेले रबरी भाग (कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला बूट, कंपन शोषणारे माउंट), आणि पिस्टन-सिलिंडरची जोडी. चेनसॉ जगणार की शोभेची वस्तू होणार, ते याच चौघांवर ठरतं.

मॅग्नेशियमबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण ती चूक माझी स्वतःची आहे. लोखंडी टाकीतला गंज व्हिनेगरने निघतो हे मला माहीत होतं, आणि समोरची टाकी लोखंडी नाही हे मी लक्षात घेतलं नाही. व्हिनेगर ओतल्या ओतल्या सोड्याची बाटली उघडावी तसा फेस आला. मला वाटलं, मळ निघतोय. मळ नव्हता, टाकी विरघळत होती. तासाभराने दिव्यासमोर धरली तर सुईच्या टोकाएवढी दोन भोकं चमकत होती. आम्ल मॅग्नेशियम खातं, कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो. चेनसॉमध्ये हे दोन्ही धातू एकमेकांना खेटून असतात, म्हणून साफसफाईला साधं रॉकेल आणि ब्रश बरा. मॅग्नेशियम घासताना उडणारा कीस जमू देऊ नका, तो पेटतो, आणि पेटला की पाण्याने आणखी भडकतो.

थोरली मंडळी: दोन माणसांचे आणि गिअरवाले

आंद्रेआस स्टिलने १९२६ मध्ये विजेवर चालणारा चेनसॉ काढला. पुढच्याच वर्षी एमिल लेर्पने जर्मनीतल्या थुरिंगियामधल्या डोलमार डोंगरावर पेट्रोलवरचा चेनसॉ चालवून दाखवला आणि डोंगराचंच नाव कंपनीला दिलं. त्या मशीनचं वजन ५८ किलो होतं आणि ते उचलायला दोन माणसं लागत. एका माणसाच्या हातात मावणारे चेनसॉ दुसऱ्या महायुद्धानंतर आले. १९४९ मध्ये मॅककलकचा ३-२५ आला, यातले २५ म्हणजे त्याचे पौंड, साधारण ११ किलो. १९५० मध्ये स्टिलचा बीएल आला.

या मशीनमध्ये एक गंमत आहे. सुरुवातीच्या चेनसॉना फ्लोटवाला (तरंगत्या डबीने पेट्रोलची पातळी राखणारा) कार्बोरेटर असायचा, म्हणजे इंजिन सरळच राहिलं पाहिजे, आडवं केलं की बंद. मग झाड पाडायला आडवा काप कसा घ्यायचा? त्यांनी गिअरबॉक्स फिरता ठेवला. इंजिन उभंच, बार (चेन जिच्यावरून धावते ती लांब पट्टी) मात्र सैल करून नव्वद अंशांत वळवायचा आणि पुन्हा घट्ट करायचा. डायफ्रामवाला कार्बोरेटर आला आणि ही कसरत संपली. असा फिरता गिअरबॉक्स हातात घेऊन वळवला की त्याचा जो जड, तेलकट 'खटक' आवाज होतो, त्या आवाजासाठी लोक हे मशीन घेतात. मी त्यांना नावं ठेवणार नाही.

पार्टच्या बाजूने बघितलं तर तयार भाग जवळपास शून्य. पण मशीन मोठं, साधं आणि जाड धातूचं. मॅग्नेटोची (ठिणगीची वीज बनवणाऱ्या भागाची) कॉइल ऐसपैस असते, कॉइल गुंडाळणारा जाणता माणूस ती पुन्हा बांधू शकतो. पितळी फ्लोट डाग देऊन दुरुस्त होतो. बुशिंग लेथवर होतात. अडतं ते चेनपाशी. त्या काळच्या कितीतरी मशीनना १/२ इंच किंवा ७/१६ इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर) चेन लागायची, तिला जुळणारा स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, आणि बारही तसाच. आजच्या दुकानात ३/८, ०.३२५ आणि ०.४०४ इंच मिळते. त्यातही १९४७ च्या आधीची चेन वेगळीच होती. जोसेफ कॉक्सने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे बघून आजच्या वळणाच्या दाताची चेन काढली, त्यातूनच ओरेगॉन कंपनी उभी राहिली. तिच्याआधीची चेन हाताच्या करवतीसारख्या सरळ दातांची. ती धार लावून वापरायची म्हटलं तर लावणारा हातही शोधावा लागतो.

घरात लेथ असेल, जागा असेल आणि घाई नसेल तर घ्या. पहिलं मशीन म्हणून नको.

साठ-सत्तरच्या दशकांतले अमेरिकन, आणि त्यांच्याशी अटीतटीचे युरोपीय

खरी निवड बहुतेकांना या दोघांतच करावी लागते, म्हणून दोघांना एकत्रच घेतो.

एका बाजूला होमलाइटचे एक्सएल-१२ आणि सुपर एक्सएल, मॅककलकचा १०-१० आणि त्याची भावंडं. ५४ ते ५८ सीसीची इंजिनं, मॅग्नेशियमचं अंग, गिअरशिवाय थेट चालणारी चेन, अंगठ्याने दाबायचा तेलाचा पंप. एक्सएल-१२ हे नाव त्याच्या बार-चेनशिवायच्या १२ पौंडांवरून आलंय, म्हणजे साडेपाच किलोच्या आत. त्याच्या दहा-बारा वर्षं आधी लोक दुप्पट वजन उचलत होते हे लक्षात घेतलं की त्या आकड्याची तेव्हा किती ऐट असेल ते कळतं. (मॅककलक म्हणजे तोच, ज्याने १९६८ मध्ये लंडनचा पूल विकत घेतला आणि दगडांना नंबर घालून अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात पुन्हा बांधला. त्याचे चेनसॉही थोडे त्याच स्वभावाचे आहेत.)

दुसऱ्या बाजूला युरोपातली धंदेवाईक लाकूडतोड्यांची मशीन. १९५९ हे त्यांचं साल. त्या वर्षी स्टिलचा काँट्रा आला, गिअरशिवायचा, ६ अश्वशक्ती आणि १२ किलोचा. हुस्कवर्नाचा पहिला चेनसॉही, मॉडेल ९०, त्याच वर्षीचा. १९६९ च्या हुस्कवर्ना १८० एसमध्ये हँडल इंजिनापासून रबराने वेगळं केलेलं होतं, आणि तिथून हातांना मुंग्या येणं कमी झालं. संग्रहात जास्त दिसतात ते यानंतरचे: स्टिलचा ६१ सीसीचा ०४१, त्याहून मोठा ०५६, हुस्कवर्नाचा ९९ सीसीचा २१००.

चालवायला युरोपीय सरस, यात वाद नाही. सुपर एक्सएल अर्धा तास चालवला की माझ्या हातात चहाचा कप थरथरतो. २१०० तितकाच वेळ चालवला तर दंड दुखतो, बोटं शांत असतात.

पण उघडून बघितल्यावर चित्र फिरतं. अमेरिकन मशीनची इग्निशन पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क) आणि कंडेन्सरची आहे. ठिणगी नाही म्हणून टाकून दिलेल्या किती मशीनमध्ये फक्त पॉइंटच्या तोंडावर राखाडी पापुद्रा चढलेला असतो! बारीक पॉलिश पेपरची पट्टी दोनदा ओढा, मग कोरा कागद ओढून तेल पुसा, फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास लावा, आणि प्लगच्या टोकाला निळा टिपका दिसतो. कंडेन्सर गेला तर दुसऱ्या छोट्या इंजिनाचा चालतो. दोन्ही गेले तर त्यांच्या जागी बसणारं चिमुकलं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मिळतं, कॉइल जुनीच राहते. सत्तरीच्या शेवटाकडच्या युरोपीय मशीनमध्ये इलेक्ट्रॉनिक इग्निशन एका काळ्या रेझिनच्या ठोकळ्यात कायमची बंद केलेली असते. ती पन्नास वर्षं चालते किंवा एका सकाळी मरते, आणि मेली की आत बघायला काहीच नसतं. माझ्या फळीवरचा देखणा याच प्रकारचा.

रबराचंही तसंच. ज्या माउंटमुळे हात शांत राहतात ते माउंट तेलाने फुगतात आणि शेवटी फाटतात. अमेरिकन मशीनमध्ये माउंटच नाहीत, म्हणून फाटायलाही काही नाही. त्रास देणारी गोष्ट नसणं हा सुद्धा एक सुटा भागच म्हणायचा.

आता मालकीचा विचार करा. होमलाइट १९५५ मध्ये टेक्सट्रॉनकडे गेली, १९९४ मध्ये डीअरकडे, पुढे आणखी एका हातात. मॅककलक १९९९ मध्ये दिवाळखोरीत निघाली, आता ते नाव हुस्कवर्नाकडे आहे. म्हणजे ही मशीन अनाथ. कारखान्याच्या दारात जाऊन उपयोग नाही. उलट युरोपीय कंपन्या जिवंत आहेत, भक्कम आहेत, आणि त्यांच्याकडे जुन्या मशीनच्या याद्याही असतात. तरी मी अनाथांच्या बाजूने झुकतो. जिवंत कंपनीच्या यादीत भागाचा नंबर छापलेला असतो आणि पुढे "आता उपलब्ध नाही" असं लिहिलेलं असतं. अनाथ मशीन मात्र इतक्या संख्येने बनली आणि इतकी वर्षं जवळजवळ तशीच बनत राहिली की एकाचा भाग दुसऱ्याला बसतो, आणि भंगारात तिसरं पडलेलं असतंच. होमलाइट घेताना तळाजवळचा 'यूटी' ने सुरू होणारा नंबर उतरवून घ्या. एकाच नावाखाली कार्बोरेटर आणि तेलपंप बदलत गेले, नेमका भाग त्या नंबरावरून ठरतो.

मॅग्नेशियमची कीड हा अनाथांचा मोठा रोग. खाऱ्या हवेत किंवा ओल्या भुशात वर्षानुवर्षं पडलेलं मशीन पांढऱ्या भुकटीने फुलतं. रंगाखाली फुगवटे दिसले तर तिथे बोटाने दाबा. रंग आत गेला तर ते मशीन भागांसाठी घ्या, चालवायला नको.

शिकण्यासाठी पहिलं मशीन हवं असेल तर अमेरिकन. वर्षातून चार लाकडं कापायचीही इच्छा असेल तर युरोपीय, पण घेण्याआधी ठिणगी स्वतःच्या डोळ्यांनी बघून.

ज्यांचं बीज अजून पेरलं जातंय

चौथ्या घराण्याला खरे संग्राहक नाक मुरडतात. स्टिलचा ०७० घ्या. १०६ सीसी, काँट्राच्याच वंशातला, आणि १३७ सीसीचा ०९० त्याचा थोरला भाऊ. ०७० च्या नकला आजही नव्या बनतात, त्यामुळे त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग नवा मिळतो. तसंच ०६४, ०६६ आणि त्याचाच पुढे बदललेल्या नावाचा एमएस ६६०. तसंच हुस्कवर्नाचे ६१, २६६, २६८ आणि २७२. या चौघांचा क्रँककेस इतका सारखा की ६१ वर २७२ चं सिलिंडर चढवणं ही जुनी खोडी आहे.

यात थरार कमी. पार्ट शोधायचा म्हणजे पत्ता शोधायचा, खजिना नव्हे. पण टू-स्ट्रोक इंजिन पहिल्यांदाच उघडत असाल तर चुकायला इतकी स्वस्त जागा दुसरीकडे नाही. पिस्टन उलटा बसवला, रिंग मोडली, तरी आठवड्यात दुसरी येते. मूळ ०७० किंवा ०९० शाबूत हाती आला तर मात्र त्यातले मूळ भाग काढून नकलेचे घालू नका. नकलेने भरलेला ०९० विकायला गेलात की समोरचा पहिल्यांदा स्क्रू उघडून बघतो.

पार्ट मिळवायच्या वाटा, खऱ्या उपयोगाच्या क्रमाने

सगळ्यात भरवशाची वाट म्हणजे त्याच मॉडेलचं दुसरं, बंद पडलेलं मशीन. एक सुटा भाग घेण्यापेक्षा अख्खं भंगार बहुतेकदा परवडतं, आणि त्याबरोबर पाच असे स्क्रू येतात ज्यांची लांबी तुम्हाला एरवी कधीच कळली नसती. जोडीचं मशीन निवडताना उलटा विचार करा. माझ्याकडच्याचं सिलिंडर गेलंय तर कॉइल मेलेलं मशीन शोधा. दोघांचा रोग एकच असेल तर दोन प्रेतं जमतात.

दुसरी वाट पडून राहिलेल्या कोऱ्या मालाची, दुकानाच्या माळ्यावर डबाबंद राहिलेले मूळ भाग. धातूचे असतील तर डोळे मिटून घ्या. रबराचे असतील तर नको. चाळीस वर्षांचा कोरा डायफ्राम डब्यात बसूनच म्हातारा झालेला असतो, बोटावर वाकवला की कडकडतो. जुन्या गॅस्केट आणि क्लचच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ती कोरडी घासायची नाहीत.

तिसरी वाट नव्याने बनवलेल्या भागांची, आणि इथे दर्जात जमीन-अस्मानाचा फरक आहे. इटलीतल्या मिटिओरचे पिस्टन आणि कॅबरच्या रिंग यांच्यावर बहुतेक जण विसंबतात. बिननावाच्या पिस्टन-सिलिंडर जोडीत माझी हरकत आधी त्या गजनपिनच्या (पिस्टन जिच्यावर डुलतो त्या पिनेच्या) क्लिपांना असते. क्लिप सुटली की सिलिंडर गेलंच, म्हणून त्या फेकून चांगल्या घालाव्यात. मग पाळी रिंगची, मग पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या, कडांची. कडा हाताला धारदार लागल्या तर बारीक कानसीने मोडाव्या लागतात, नाहीतर रिंग अडकते.

यातून माझा एक हट्ट तयार झालाय: मूळ सिलिंडर वाचवायचं आणि त्यात नवा पिस्टन घालायचा. जाम झालेलं सिलिंडर बघून लोक घाबरतात, कारण आत उभे ओरखडे दिसतात. पण पुष्कळदा ते ओरखडे सिलिंडरचे नसतातच. पिस्टनचं वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम क्रोम किंवा निकासिलच्या (निकेलच्या मुलाम्याच्या) कडक थरावर चिकटलेलं असतं. कापसाच्या काडीने तेवढ्याच रेषांवर हायड्रोक्लोरिक आम्ल लावलं की बुडबुडे येतात, अ‍ॅल्युमिनियम विरघळतं आणि खालचा थर तसाच राहतो. हे काम उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि पोर्टच्या कडेपासून लांब राहून करायचं, कारण तिथे थर संपतो आणि आम्लाला सिलिंडरचं स्वतःचं अ‍ॅल्युमिनियम सापडतं. बुडबुडे थांबले की लगेच पाण्याने धुवायचं, सुकवायचं, तेल लावायचं. नंतर नख फिरवा. नख अडलं नाही तर सिलिंडर वाचलं. नख अडलं आणि खाली वेगळ्या रंगाचा धातू दिसला तर थर गेलाय, मग दुसरं शोधा.

चौथी वाट दुसऱ्याच मशीनच्या भागाची. रिंगला फक्त बोअरचा व्यास, जाडी आणि तोंड अडवणाऱ्या पिनची जागा जुळायला हवी, ती कुठल्या कंपनीसाठी बनली हे तिला माहीत नसतं. चेनचंही तसंच. सलग तीन रिव्हेटमधलं अंतर मोजा, निम्मं करा, ते पिच. ९.५ मिलिमीटर आलं तर ३/८, सव्वादहा आलं तर ०.४०४.

लेथ आणि थ्रीडी प्रिंटर ही पाचवी वाट. बुशिंग, पुलीचे दात, एअर फिल्टरचं झाकण यांना उत्तम. गरम भागाजवळ प्रिंट केलेलं प्लॅस्टिक नको, आणि पेट्रोलमध्ये कुठलं प्लॅस्टिक तग धरतं हे बघूनच टाकीचं झाकण करा.

चालू, बंद की खोक्यातलं

विकणारा तीन अवस्थांत मशीन देतो. चालू स्थितीतलं सगळ्यात महाग, आणि माझ्या मते सगळ्यात फसवं. जुनी सील कोरडी पडलेली असतात, तिथून हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, मशीन झकास आवाज करतं आणि तिसऱ्या लाकडाला पिस्टन चिकटतो. चालू घेतलंत तरी पहिल्या दिवशी कापू नका. मफलर आणि कार्बोरेटरची तोंडं रबराने बंद करून क्रँककेसमध्ये अर्धा बार दाबाने हवा भरा आणि काटा पडतो का बघा. पडला तर साबणाच्या पाण्याने गळती सापडते.

बंद पण कुणी न उघडलेलं मशीन मला सगळ्यात आवडतं. काय बिघडलंय ते एकच असतं आणि बाकी सगळं जागेवर असतं.

खोक्यातलं, म्हणजे कुणीतरी उत्साहात उलगडून नंतर सोडून दिलेलं, स्वस्तात मिळालं तरी नको. त्या खोक्यात हमखास एक छोटी गोष्ट नसते: स्टार्टरच्या खिट्टीची स्प्रिंग, फ्लायव्हीलची चावी, तेलपंपाचा वर्म गिअर. आणि नेमकी तीच दुसऱ्या ढिगातली निघते.

वापरणार असाल तर

चेन ब्रेक सत्तरच्या दशकात रुळला. त्याआधीच्या मशीनमध्ये बार उसळला तर मधे फक्त तुमचे हात असतात. अशा मशीनने आडव्या ओंडक्यातून काप घ्या, बारचं टोक कशालाही टेकू देऊ नका, झाड पाडायला आधुनिक मशीन काढा. जुन्या पुस्तिकेत पेट्रोलला तेलाचं प्रमाण १६ ला १ किंवा २० ला १ लिहिलेलं असतं, ते त्या काळच्या साध्या इंजिन ऑइलसाठी. आजच्या चांगल्या टू-स्ट्रोक तेलाने ३२ ला १ माझ्या सगळ्या म्हाताऱ्यांना मानवतं. ठेवून द्यायच्या आधी टाकी रिकामी करून कार्बोरेटर कोरडा चालू द्या. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या नळ्या आणि डायफ्राम हळूहळू संपवतं.

विकणाऱ्यासमोरची दहा मिनिटं

खिशात एक पेचकस, एक प्लगपाना आणि टॉर्च असू द्या. आधी नंबरपट्टी वाचा, ती नसेल तर भाव पाडा. दोरी हळू ओढा आणि इंजिन किती अडवतं ते अनुभवा. सगळ्यात चांगली खूण म्हणजे मशीन दोरीवर उचलून लटकवलं तर ते सावकाश, झटके घेत खाली यायला हवं, भुर्रकन नव्हे. प्लग काढून धातूला टेकवा, सावलीत ओढा, ठिणगी बघा. युरोपीय मशीनला ठिणगी नसेल तर तिथूनच परत फिरा, अमेरिकनला नसेल तर हसून आणखी भाव पाडा.

मग मफलरचे बोल्ट सोडून एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारा. पिस्टनच्या अंगावर उभ्या रेषा नसल्या आणि रिंग दोन चमकत्या तारांसारखी दिसली तर तुमचं काम झालं. मफलर परत बसवताना बोल्ट पेचकसाशिवाय, बोटांनी शेवटपर्यंत आत जातात का तेही बघून घ्या. न गेले तर सिलिंडरचे आटे खाल्लेत, आणि नवे आटे पाडायला तुमचा पुढचा रविवार आत्ताच ठरला.